चार दिवसांची पेन्शन

राजापेठ, अमरावती
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. जमुनाताई,

तुला नमस्कार, आणि भगवंतराव भाऊजींना जरा जास्त वाकून, कारण या पत्रात त्यांचीही थोडी फिरकी आहे.

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं. बाबा म्हणायचे ना, "भांडाचं असन त कागदावर भांडा पोरीहो, कागद काही वरडत नाही." म्हणून कागद घेतला. खरं तर आज भांडण नाहीच. आज आनंदाची बातमी आहे, निदान माझ्या बाजूने.

यंदा माझा इन्कम टॅक्स शून्य आला. पुन्हा वाच. शून्य!

आमच्या शाळेची रीत तुला माहीत आहे. जानेवारीत एकाने टॅक्सचा फॉर्म भरायचा आणि बाकीच्यांनी त्यावरून आपापले आकडे टाकून उतरवायचा. तो फॉर्म फेब्रुवारीच्या पगारबिलाला जोडून जातो. इतकी वर्षं आमचे बाबू धर्मेंद्र यांचा फॉर्म सगळे उतरवत होते आणि निमूट टॅक्स भरत होते. यंदा मी म्हटलं, गणिताची बाई शाळेत असताना बाबूचं का उतरवायचं? बसले एक रविवार. दर महिन्याला माझ्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे दहा टक्के कापून पेन्शनच्या खात्यात जातात आणि सरकार आपल्याकडून चौदा टक्के टाकतं. नव्या करपद्धतीत माझ्या दहा टक्क्यांना काही सूट नाही, पण सरकारच्या चौदा टक्क्यांची पूर्ण वजावट मिळते. वर्षाचे ते होतात एक लाख अडुसष्ट हजार. माझा पगार तेरा लाख शहाऐंशी हजार. त्यातून सगळ्यांना मिळते ती पंचाहत्तर हजारांची वजावट गेली, हे एक लाख अडुसष्ट हजार गेले, उरले अकरा लाख त्रेचाळीस हजार. बारा लाखांच्या आत असलं की कर नाही. झालं!

धर्मेंद्र बाबू डोळे फाडून पाहत होते. म्हणाले, "म्याडम, तुमी भरला म्हंजे बरोबरच असन, आमी काय पाहू?" आमच्यातल्या नव्या पेन्शनच्या अकरा जणांनी तो फॉर्म उतरवला आणि मधल्या सुट्टीत मला शाल आणि नारळ देऊन खुर्चीवर बसवलं. भजी झाली. बोंबलून बोंबलून ज्या नव्या पेन्शनच्या नावाने आम्ही वीस वर्षं रडलो, तिने एकदा तरी हात दिला.

तुम्ही जुन्या पेन्शनवाले. तुम्हाला हे चौदा टक्के नाहीत, म्हणजे ही वजावटही नाही. तुझा टॅक्स किती, हे मी विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तू दोन वर्षं आधी लागलीस आणि मी ४ नोव्हेंबर २००५ ला रुजू झाले. १ नोव्हेंबरपासून जुनी पेन्शन बंद. मध्ये चार दिवस, आणि ते चार दिवस मी कुठे होते? अकोल्याला, तुझ्या बाळंतपणात, शुभमची दुपटी धूत. मागे १ नोव्हेंबरच्या आधी भरतीची जाहिरात निघालेल्यांना सरकारने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, तेव्हा आमच्या संस्थेला जाहिरातीचं कात्रण सापडलं नाही आणि माझा प्रस्ताव परत आला. असो. यंदा तुझा टॅक्स जाईल आणि माझा नाही, एवढ्यावर मी समाधानी आहे. फॉर्मची झेरॉक्स सोबत ठेवते आहे. भाऊजींना दाखव.

तुझी,
रागिणी


अकोला
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

चि. रागिणी,

आशीर्वाद आहेतच. मागितले नाहीस तरी देते.

तुझं पत्र आलं आणि झेरॉक्सही आली. आमच्याकडे ह्यांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि म्हणाले, "तुमची बहीण लय हुशार निंगाली. तुमी काहून मागं राहून गेल्या?" तेव्हापासून मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलते आहे.

मूठ झाकून काय करू? माझा टॅक्स ऐंशी हजार सहाशे पन्नास. दर महिन्याला थोडा थोडा कापला आणि उरलेला फेब्रुवारीत कापतील. माझाही पगार जवळपास तुझ्याएवढाच. मी पण प्रॉव्हिडंट फंडात पैसे टाकते, पण नव्या पद्धतीत त्याची मला दमडीची सूट नाही. तुझं शून्य पाहिलं आणि मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला लिहू. भाजी चिरताना, वर्गात हजेरी घेताना, सारखं तेच. ऐंशी हजार आणि शून्य.

तू म्हणतेस मला पेन्शन आहे. आहे. पण ती पाच वर्षांनी, जगले तर. टॅक्स आज जातो. आणि पेन्शनचं सोड, तुला काय मिळालं ते कधी मोजलंस? तुझी शाळा घरापासून दहा मिनिटांवर. मी वीस-बावीस वर्षं पहाटे उठून पातूरची एसटी धरते, आणि पातूरहून पुढे मिळेल त्या गाडीने जाते. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत काळी माती. तुला शाल आणि नारळ देतात. माझ्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका, एकमेकींना कोण शाल घालणार? बाबांनी तर शेवटपर्यंत गावभर तुझंच सांगितलं. "आमची रागिणी अमरावतीले मोठ्या शाळेत हाय." मी त्यांच्या घरापासून चार कोसांवर शिकवत होते, ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि बाळंतपणाचं पुन्हा लिहू नकोस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तू ते सांगतेस. शुभम आता वीस वर्षांचा झाला, त्याच्यासमोरही सांगतेस. परवा तो मला म्हणाला, "आई, माह्यामुळे मावशीची पेन्शन गेली का?"

झेरॉक्स ठेवून घेतली आहे. नितेशरावांना नमस्कार, तुझ्या लेकीला, आकांक्षाला पापा.

तुझी,
ताई


राजापेठ, अमरावती
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

ताई,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा चहा घेत आणि एकदा नितेशना मोठ्याने वाचून दाखवत. "जेवण गेलं नाही" इथे तर मी दोनदा थांबले. वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण वाटलं नाही. वीस वर्षं मी जे गिळत आले ते तुला एक दिवस गिळावं लागलं, तर बिघडलं कुठे?

तुला माहीत नाही नव्या पेन्शनवाल्यांचं जगणं. तू रिटायर होशील त्या महिन्यापासून तुला अर्धा पगार, वर महागाई भत्ता, मरेपर्यंत. तुझ्यामागे भाऊजींना. मी रिटायर होईन तेव्हा खात्यात काय असेल ते बाजार सांगणार. त्यातले काही हातात येतील, उरलेल्यांवर महिन्याला किती ते कंपनी सांगणार. मोबाइलवर रोज आकडा दिसतो. एक दिवस वाढतो, चार दिवस उतरतो. नितेश म्हणतात पाहू नका, पण हात जातोच. आमच्या शाळेतले एक सर गेल्या वर्षी याच योजनेतून निवृत्त झाले. महिन्याला किती येतात विचारलं, तर हसून विषय बदलला त्यांनी. त्या रात्री मी तुझ्या नावाने रडले होते, आज सांगते.

म्हणून हे शून्य मला साजरं करू दे. मी पाटल्या बुक केल्या. आईच्या पाटल्या थोरली म्हणून तुझ्या हातात गेल्या, मी कधी काही बोलले नाही. आता माझ्या टॅक्सच्या पैशात साठवलेले घालून माझ्या पाटल्या. नक्षी तीच सांगितली आहे. सराफाला अर्धे दिले, उरलेले मार्चमध्ये.

बिल दहा फेब्रुवारीला जाईल. त्यानंतर शिक्का, सही आणि शांतता. शुभमला म्हणावं, मावशी गंमत करते. पण चार दिवस खोटे नाहीत, हेही सांग.

रागिणी


अकोला
शनिवार, ३१ जानेवारी २०२६

चि. रागिणी,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच फेकू नकोस.

मी तुझी झेरॉक्स घेऊन तीन संध्याकाळी बसले. आधीच सांगून टाकते, चूक सापडावी म्हणूनच बसले होते. तुझं शून्य मला बघवत नव्हतं. आणि चूक सापडली.

तू पगार लिहिलास तेरा लाख शहाऐंशी हजार. हा तुझ्या हाती येणारा आणि कापला जाणारा तुझा स्वतःचा पगार. सरकार जे चौदा टक्के तुझ्या खात्यात टाकतं ते यात नाहीत. पण कायद्याने तो पैसाही तुझा पगारच धरला जातो, म्हणून तो आधी पगारात मिळवायचा आणि मग त्याची वजावट घ्यायची. तू मिळवला नाहीस, आणि वजा मात्र केलास. जे ताटात वाढलंच नाही ते ताटातून काढलंस, बाई.

आता मिळवून पाहा. तेरा शहाऐंशीमध्ये एक अडुसष्ट मिळवले की पंधरा लाख चौपन्न हजार. त्यातून एक अडुसष्ट वजा, पंचाहत्तर हजार वजा. उरतात तेरा लाख अकरा हजार. त्यावर कर, सेससकट, एकोणऐंशी हजार सातशे वीस. म्हणजे माझ्याएवढाच, हजारभर इकडे-तिकडे. सरकारच्या चौदा टक्क्यांनी तुझा टॅक्स वाढत नाही आणि कमीही होत नाही. एका हाताने येतात, दुसऱ्या हाताने जातात.

माझ्यावर विश्वास नको ठेवूस. म्हणून ह्यांना त्यांच्या ऑफिसच्या लेखाधिकाऱ्यांकडे पाठवलं. त्यांनी कागद पाहिला आणि हसले. म्हणाले, "ही चूक लय शाळाइत होते. आधी मिळवाचं, मंग वजा कराचं. एकानं चुकवलं का समद्याइचं चुकते, कारण समदे एकाचंच उतरवतात." दोन वर्षांनी कधीतरी नोटीस येते आणि कर व्याजासकट भरावा लागतो, असंही ते म्हणाले.

तुझा एकटीचा प्रश्न असता तर मी कदाचित एवढी घाई केली नसती. पण अकरा जणांनी तुझं उतरवलं आहे. उद्या नोटीस आली की ते धर्मेंद्र बाबूंना विचारणार नाहीत, तुला विचारतील. त्या शाळेत तुला अजून दहा-बारा वर्षं काढायची आहेत. दहा तारखेच्या आत फॉर्म बदल. पाटल्यांचं सराफाला सांग.

तुझी,
ताई


राजापेठ, अमरावती
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६
(स्पीड पोस्टाने)

जमुनाताई,

वाटलंच होतं मला. तीन संध्याकाळी बसलीस म्हणे! मुलाच्या परीक्षेसाठी कधी बसली होतीस का एवढी?

तुला माझं शून्य बघवलं नाही, हे तूच लिहिलंस. मग तुझ्या हिशेबावर मी विश्वास कसा ठेवायचा? आणि ते लेखाधिकारी भाऊजींचे ओळखीचे. भाऊजींना जे ऐकायचं असेल तेच ते सांगणार. मी सतरा वर्षं दहावीचं गणित शिकवते आहे. माझा वर्ग बोर्डात चमकतो. तू चौथीला पाढे शिकवतेस आणि माझं गणित तपासतेस!

अकरा जणांसमोर जाऊन मी काय सांगू? माझ्या बहिणीला जळजळ झाली, म्हणून तुमचे ऐंशी-ऐंशी हजार भरा? शाल परत देऊ का त्यांना?

तुझ्या हातून मला चांगलं काही वेळेवर मिळालं आहे का, ताई? एक तरी गोष्ट आठवून सांग.

माझं एकच म्हणणं. कागदावर लिहून पाठव की, "रागिणी, मी तुझ्यावर कधीही जळले नाही." फक्त एवढं एक वाक्य, तुझ्या सहीने, शुभमची शपथ घालून. ते आलं की मी त्याच दिवशी फॉर्म बदलते. नाही आलं तर बिल आहे तसं जाईल. बिल मंगळवारी जातं.

रागिणी


अकोला
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६
(स्पीड पोस्टाने)

रागिणी,

तुला हवं ते वाक्य मी लिहायला घेतलं होतं. "मी तुझ्यावर" इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबला. शुभमची शपथ घालून खोटं लिहिता येईना. म्हणून दुसरं लिहिते. हे बाबांना माहीत नव्हतं, ह्यांना माहीत नाही, आणि तुला कधी कळू नये असं वीस वर्षं मला वाटत होतं.

तुझी नेमणुकीची ऑर्डर मी तुला ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दिली. मी म्हणाले होते की महादेवराव आज सकाळी देऊन गेले. ते खोटं होतं. आपल्या पातूरचे महादेवराव झेंडू घेऊन अकोल्याच्या बाजारात आले ते गुरुवारी, २७ तारखेला. बाबांनी त्यांच्याजवळ पाकीट दिलं होतं. तू माझं औषध आणायला गेली होतीस. ते दारातूनच म्हणाले, "हे रागिणीले द्या, शेषरावभाऊनं देल्लं हाय, लय खुशीत हायेत." पाणीही न घेता गेले.

मी पाकीट उघडलं. अमरावती, पूर्णवेळ शिक्षिका, सात दिवसांत रुजू व्हावे. शुभम दीड दिवसाचा होता. टाके ओढत होते. मी ते पोट घेऊन आठव्या महिन्यापर्यंत एसटीने उभ्याने गेले होते, आणि तुला बसल्या जागी शहर मिळालं होतं. तू आत आलीस, मी पाकीट गादीखाली सरकवलं. उद्या देईन, असं म्हणून. दुसऱ्या दिवशी तू गाणं म्हणत पाणी तापवत होतीस आणि मला वाटलं, आज हिला इतकं खूश होऊ द्यायचं नाही. शनिवारीही तसंच. रविवारी ह्यांनी बत्तासे आणले, तू हसलीस, तेव्हाही दिलं नाही. सोमवारी मलाच माझी लाज वाटली आणि पाकीट दिलं. तोवर दिवाळीसाठी तुझ्या संस्थेचं ऑफिस बंद झालं होतं. ते भाऊबीजेनंतर, चार तारखेला उघडलं.

पेन्शनचा तो निर्णय त्याच सोमवारी निघाला, हे मला नंतर किती तरी महिन्यांनी वर्तमानपत्रातून कळलं. मी तारखा बोटांवर मोजल्या आणि पेपर घडी करून ठेवून दिला. मला एवढंच करायचं होतं की तुझा आनंद चार दिवस उशिरा यावा. तो तुझ्या म्हातारपणापर्यंत पोचेल हे कोणाला माहीत होतं? पण माहीत नव्हतं म्हणून माझा हात स्वच्छ होत नाही. तू प्रत्येक लग्नात "ताईच्या बाळंतपणापायी" म्हणायचीस आणि मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, किती सोशिक आहे ही. मी सोशिक नव्हते.

म्हणून आता ऐक. यंदाही तसाच एक कागद माझ्या हाती आला. मी आताही जळत होते, तेव्हापेक्षा जास्तच. गप्प बसणं किती सोपं होतं! दोन वर्षांनी तुला नोटीस आली असती, अकरा जण तुझ्या दारात उभे राहिले असते, आणि मी इथून फोनवर "अरेरे" म्हटलं असतं. जळणारी बाई गप्प बसते, रागिणी. मला तो अनुभव आहे. या वेळी मी बोलते आहे, यावरून तरी ओळख की हिशेब खरा आहे.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फॉर्म बदल. मंगळवारच्या आत.

जमुना


राजापेठ, अमरावती
रविवार, ८ मार्च २०२६

ताई,

महिना गेला. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. पत्राला पत्रच द्यायचं होतं आणि ते जमत नव्हतं.

आधी फॉर्मचं. तुझं पत्र सोमवारी दुपारी शाळेत आलं. मी मधल्या सुट्टीत नव्याने गणित केलं. आधी मिळवलं, मग वजा केलं. तूच बरोबर होतीस. चौथीच्या पाढ्यांनी दहावीचं गणित धरलं. शाळा सुटल्यावर अकराही जणांना थांबवलं आणि फळ्यावर मांडून दाखवलं की मी कुठे चुकले. मग एक सर म्हणाले, "म्याडम, शाल ठेवा आता, पण भज्याइचे पैसे तरी काढा." सगळे हसले, पण दोघी जणी अजून माझ्याशी बोलत नाहीत. एकीने मुलाच्या क्लासची फी त्या पैशांवर धरली होती. फॉर्म त्याच रात्री नव्याने भरले आणि बिल वेळेत गेलं. परवा पगार जमा झाला, वर्षाचा टॅक्स एकदम आणि बाकी सगळं कापून पंचवीस हजार चारशे ऐंशी. सराफाने दोन हजार कापून बाकीचे परत दिले. नितेशनी महिनाभर गाडी कमी काढायची ठरवली.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं.

ताई, बाळंतिणीची गादी रोज उचलून कोण झटकत होतं?

मला ते पाकीट शुक्रवारी सकाळीच सापडलं होतं. २८ तारखेला. तू न्हाणीत होतीस. मी ऑर्डर वाचली, तशीच घडी केली आणि तिथेच ठेवली, त्याच कोपऱ्यात. ते गाणं मी म्हणूनच म्हणत होते, मला नेमणूक झाल्याचं माहीत होतं. त्या दिवशी अकोल्याहून अमरावतीला गाड्या होत्या. लगेच निघून मी रुजू होऊन रात्रीपर्यंत परत आले असते. शनिवारीही ऑफिस उघडं होतं.

मी गेले नाही. बघू, किती दिवस लपवते, असं म्हणत राहिले. तुझ्याकडे सगळं होतं. नोकरी, नवरा, आता मुलगा, आईच्या पाटल्या. माझ्याकडे तुझ्याविरुद्ध काहीच नव्हतं. मला तुझी एक चूक हवी होती, आयुष्यभर पुरेल अशी. तू पाकीट दिलंस तेव्हा मी किती आश्चर्य दाखवलं, आठवतं? "आजच आलं?" असं विचारलं मी. तू "हो" म्हणालीस आणि मला मनातून बरं वाटलं.

पुरली ती चूक. वीस वर्षं पुरली. किंमत एवढी असेल हे मलाही माहीत नव्हतं. पण कळल्यावरही मी कोणाला खरं सांगितलं नाही, कारण "ताईच्या बाळंतपणापायी" म्हटलं की लोक माझ्याकडे बघायचे आणि तुझी मान खाली जायची. माझी पेन्शन तू चार दिवस लपवलीस. मी तीच चार दिवस पाहत बसले. तुझ्यात आणि माझ्यात वाईट कोण, हे गणित मी या महिन्यात रोज घातलं आणि एकदाही सुटलं नाही.

शुभमला मी काल फोन करून सांगितलं की त्याच्यामुळे काही गेलं नाही, मावशी खोटं बोलत आली. त्याने "बरं" म्हटलं आणि जेवलीस का विचारलं.

आता फिटलं, असं तू लिहू नकोस. फिटलेलं नाही. मला अजूनही तुझा राग येतो आणि तुझी पेन्शन आठवली की मी मोबाइलवर माझा आकडा उघडते, ते काही या पत्राने जाणार नाही. पण पाच वर्षांनी तुझी पहिली पेन्शन जमा होईल त्या दिवशी मला बोलावून घे. मी अकोल्याला येईन. तुझं पासबुक स्वतः उघडून आकडा वाचेन, आणि जळेन. पण तुझ्यासमोर बसून जळेन, तुझ्या हातचा चहा घेत.

रागिणी